मधल्या फर्म्यातली चार पानं

ता. ४ फेब्रुवारी
कारखान्यातून, जेवणाच्या सुट्टीत

चिमणे,

तुला आशीर्वाद, मेहुण्यांना नमस्कार, आणि माझ्या पत्रांवर बसून झोपणाऱ्या तुमच्या त्या बोक्याला एक टपली. शिरस्त्याप्रमाणे आधी हातची कामं.

गेल्या महिन्यात माझ्या हातून झालेल्या वस्तू अशा: छापखान्याच्या रुळासाठी पितळेचे दोन बुश, पहिल्याच ठोक्याला बसले, कानस लावावी लागली नाही. उंची मोजायचा एक गेज, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत खरा. आईच्या चष्म्याची डावी काडी. दुकानदार म्हणाला होता फ्रेमच बदला, आता तोच विचारतो की जोड कुठे आहे. तुझ्यासाठी एक टोचा, मूठ जुन्या खुर्चीच्या पायाची, टोक असं की कागदाला भोक पडल्याचं कळणारही नाही. आणि पाठ मोजायचा सातवा स्टँड. तो परवा हॉस्पिटलात पोचला.

याला तू पत्रातली मिरवणूक म्हणतेस, मला माहीत आहे. मिरवू दे. ज्याला कुणी शिकवलं नाही त्याने मिरवायचं नाही, तर कुणी? लेथ मी दुसऱ्याच्या कारखान्याच्या खिडकीतून बघून शिकलो. ड्रॉइंग वाचायला रद्दीत आलेल्या कागदांवरून शिकलो. आणि ‘मणक्याचा दाहक संधिवात’ हे शब्द एकतिसाव्या वर्षी शिकलो, त्याआधी सात वर्षं ‘चमक भरली असेल, पडून राहा’ हे ऐकून ऐकून. पडून राहिलं की हा आजार वाढतो आणि हललं की कमी होतो, एवढी साधी गोष्ट सांगायला सात वर्षांत कुणी भेटलं नाही.

पहिला स्टँड का केला ते तुला सांगितलंय का? डॉक्टरबाई मला भिंतीला पाठ आणि टाचा लावून उभं करायच्या आणि डोक्याची मागची बाजू भिंतीपासून किती लांब राहते ते पट्टीने मोजायच्या. धडधाकट माणसाचं डोकं टेकतं. आपल्या आजारात मणके एकमेकांना सांधत जातात, मान पुढे येते, आणि ते अंतर वाढत जातं. तिसऱ्या खेपेला मी खिशातून ओळंबा काढला.

“हे काय करताय?”

“तुमची भिंत बघतोय.”

भिंत माणसाच्या उंचीत सहा मिलिमीटर कललेली निघाली.

“म्हणजे आजार भिंतीला आहे, असं म्हणणं आहे तुमचं?”

“आजार मलाच आहे. पण भिंतही आजारी आहे.”

बाई इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. पुढच्या खेपेला मी स्टँड घेऊन गेलो. लोखंडी खांब, खाली टाचांसाठी फळी, वर सरकती पट्टी, आणि कुठल्याही जमिनीवर खांब उभा करता यावा म्हणून पायात तीन स्क्रू. आज असे सात आहेत. रोज तीसेक पाठी त्यांवर मोजल्या जातात, आणि नवा पेशंट आला की व्यायाम शिकवणाऱ्या बाई त्याला म्हणतात, “हा ज्याने केला ना, त्याला हाच आजार आहे. बारा वर्षं झाली, एकदाही उसळला नाही.”

हे ऐकायला मी मुद्दाम थोडा वेळ रेंगाळतो. कबूल.

आता तुझ्या पत्राकडे येतो. डोकं-भिंत अंतर वीस मिलिमीटरवरून बावन्नवर. सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांवरून दीड तासावर. व्यायाम मी पाठवलेल्या माझ्या वहीत लिहिल्याप्रमाणे रोज, एकही खाडा नाही. ‘दादा, माझं कुठे चुकतंय?’

पहिली शंका मापाची. टाचा भिंतीला पूर्ण टेकतात ना? हनुवटी वर उचललेली नाही ना? मोजताना मेहुणे गप्पा मारत नाहीत ना? माणूस हसला की तीन मिलिमीटर जातात. दुसरी शंका तुझ्या बैठकीची. पुस्तकं शिवताना तासाला एकदा उठायचं, असं वहीच्या चौदाव्या पानावर लिहिलं आहे. तिसरं, पालथं झोपून पाठ उचलायच्या व्यायामात तू श्वास धरून ठेवतेस, हे मी स्वतः बघितलं आहे. धरू नकोस.

तू मधेच एक ओळ घातली आहेस. ‘तुझ्या पावलावर पाऊल ठेवून मीही औषधाची सुई सोडली, चौदा महिने झाले, तुला एकदम मोठ्ठं आश्चर्य द्यायचं म्हणून सांगितलं नव्हतं.’ ती वाचून मी लेथ बंद केला. एकदा डॉक्टरांना दाखवून ये. नुसतं दाखवायला.

तुझे दोन प्रश्न राहिले. वहीला कापडी बांधणी केलीस, वर सोनेरी अक्षरं घातलीस, त्याबद्दल शाबासकी; वही लिहिणाऱ्यापेक्षा देखणी झाली असं तुझी वहिनी म्हणाली. शिवताना मधल्या फर्म्यात, म्हणजे एकत्र दुमडून शिवायच्या पानांच्या जुडग्यात, चार पानं सुटी निघाली, त्यांची जोडपानं नाहीत, असं तू लिहितेस. तिथे शाई सांडली होती, म्हणून काढली. आणि दुसरं, मी सुई नेमकी कुठल्या महिन्यात सोडली ते वहीत बघून कळवतो. वही तुझ्याकडेच आहे, तेव्हा आठवून कळवतो.

भोंगा झाला. टोचा वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे.

तुझा
दादा


ता. ११ फेब्रुवारी
घरून

चिमणे,

या पत्रात हातची कामं नाहीत.

तुझं पत्र काल मिळालं. ‘उजवा डोळा लाल झालाय, दुखतोय, उजेड सोसत नाही, बहुतेक बारीक टाके घालून ताण आला असेल.’ ताण नाही तो. आपला आजार डोळ्यातही उतरतो. म्हणून पत्र वाचलं तसा मेहुण्यांना फोन केला, की हातातलं सगळं टाका, आजच्या आज हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि तिथून सरळ तिच्या सांध्यांच्या डॉक्टरकडे. मागून तुझा आवाज येत होता, “विचारा त्याला, एवढा का घाबरलाय?” मी म्हणालो, पत्रात लिहितो. फोनवर आपल्या दोघांना फक्त भांडता येतं.

तर लिहितो.

मी सुई सोडलेली नाही.

आजही घेतो. दर तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, मांडीत, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या. आधी दर दोन आठवड्यांनी होती. डॉक्टरबाईंनी दोन वर्षं रक्त तपासत तपासत तीनवर नेली, पुढे नेऊन बघितली तर दाह वाढायला लागला, म्हणून परत तीनवर आणली. ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात असते, मागच्या भिंतीला न टेकता, कारण गोठली तर वाया जाते. एका पत्र्याच्या डब्यात असते. डबा मी केलाय. त्यावर ‘स्क्रू’ असं लिहिलंय, पाहुण्यारावळ्यांनी उघडू नये म्हणून. तुझी वहिनी म्हणते, “फ्रिजमध्ये स्क्रू कोण ठेवतं हो? उलट हमखास उघडतील.” तेरा वर्षांत कुणी उघडला नाही. माझ्यावर लोकांचा एवढा विश्वास.

आता तू विचारशील, मग वहीत का नाही? वहीत पाच रकाने आहेत. सकाळचा ताठरपणा, डोकं-भिंत अंतर, छातीचा फुगवटा, व्यायामाची मिनिटं, झोप. त्यातला एकही आकडा खोटा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सिगारेट सोडली तेही खरं, वजन एक्काहत्तरवरून सहासष्टवर आणलं तेही खरं. फक्त सहावा रकाना मी आखलाच नाही.

कारण सुई मी केलेली नव्हती.

हे वाचायला वेडेपणाचं वाटेल. पण माझ्या आयुष्यात जे जे सरळ उभं आहे ते माझ्या हाताने उभं केलेलं आहे, अशी माझी समजूत होती. व्यायाम माझा, स्टँड माझा, वही माझी, शिस्त माझी. आणि मग ती एक बोटभर लांबीची नळी, कुठल्यातरी प्रयोगशाळेत, न बघितलेल्या माणसांनी केलेली. तिचं नाव लिहिलं की बाकीचे पाच रकाने फिके पडतील असं वाटायचं. म्हणून लिहिलं नाही. नंतर कुणी विचारलं तर बोललोही नाही. आणि मग एक दिवस तू विचारलंस.

तुला तो दिवस आठवतो ना? आईच्या खोलीत आपण तिघं होतो, वहिनी तिचे कपडे घडी करत होती. तुझी नवी नवी सुई सुरू झाली होती. तू म्हणालीस, “दादा, तुझं औषध?” मी म्हणालो, “ते केव्हाच मागे पडलं.” वहिनी घडी तशीच टाकून बाहेर गेली. संध्याकाळी घरी येताना मला म्हणाली, “खोटं बोलताना तुमची मान जरा जास्तच ताठ होते.” मी म्हणालो, खोटं कसं, बहिणीला जरा उमेद. ती म्हणाली, “उमेद नाही. बढाई.” त्याच आठवड्यात मी तुला वही पाठवली.

आता ती चार पानं.

शाई सांडली नव्हती. तू बाइंडर आहेस, तुला तेव्हाच कळलं असणार. तू लिहिलंस, ‘दादा पानं फाडणारा माणूस नाही.’ फाडली नाहीत. पोलादी पट्टी ठेवून पात्याने कापली. तेवढी अक्कल शाबूत होती. पण सुटी पडलेली जोडपानं तशीच वहीत राहतील आणि शिवणारीच्या हाताला लागतील, हे ध्यानात आलं नाही. शिवणकाम मी कधी शिकलो नाही ना.

सहा वर्षांपूर्वी आमच्या फोरमनने चहाच्या वेळी मला टोमणा मारला. त्याला औषधाचं कुठून तरी कळलं होतं. “तुझी पाठ औषधावर उभी आहे रे, त्यात तुझं काय?” तो विसरलाही असेल. माझ्या डोक्यात ते कुसळासारखं राहिलं. मापाचा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. मी सुई बंद केली. कुणालाही न सांगता, अगदी वहिनीलाही. बाकी सगळं तेच, उलट व्यायाम दहा मिनिटं वाढवला.

डोकं-भिंत अंतर चौदा होतं. पहिला महिना, चौदा. मी खूश. दुसरा, सोळा. तिसरा, तेवीस. चौथा, एकतीस. पाचवा, एकोणचाळीस. सकाळचा ताठरपणा दहा मिनिटांवरून ऐंशीवर. लेथवर मान वळवून मायक्रोमीटर वाचता येईना. मी अंदाजाने वाचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा माल परत आला, बारा नग, सगळे कमी मापाचे. फोरमन काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात डावा डोळा लाल झाला.

डॉक्टरबाईंकडे गेलो.

“किती दिवस बंद आहे?”

“पाच महिने.”

“कुणाला विचारून?”

“स्वतःलाच.”

“मग आज इथे कशाला आलात? स्वतःकडेच जायचं.”

त्यांनी डोळा बघितला, रक्त घेतलं, चिठ्ठी लिहिली. नंतर त्यांच्या रागाची वाफ गेल्यावर मी विचारलं, “बाई, एकच सांगा. बरा राहिलो त्यात औषधाचा वाटा किती आणि माझा किती?”

त्या म्हणाल्या, “शर्टाला दोन बाह्या असतात. कुठली बाही जास्त शर्ट आहे?”

मग नीट समजावलं. ते तुला जसंच्या तसं लिहितो, कारण वहीत हे पान असायला हवं होतं. वर्षानुवर्षं आजार निजलेला राहतो तो एका कारणाने नाही. औषध लवकर सुरू झालं पाहिजे, आणि सलग राहिलं पाहिजे. माणूस रोज हलला पाहिजे. सिगारेट नको, जास्तीचं वजन नको. रक्तातला दाह वेळोवेळी बघितला पाहिजे. कुणाकुणाला औषधाचं अंतर वाढवता येतं, पण ते डॉक्टरने, हळूहळू, मापं घेत. एकदम सोडणाऱ्या बहुतेकांचा आजार परत उठतो, आणि उठलेला प्रत्येक वेळी होता तिथे मुकाट परत जाईलच, असं नाही. “निजलेल्या आजाराला बरा झालेला समजू नका,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचा व्यायाम खोटा नाही. तो एकटा आहे, एवढंच.”

सुई परत सुरू केली. डोळा थेंबांनी निवळला. एकोणचाळीसवरून खाली यायला अकरा महिने लागले, आणि आलं ते एकवीसवर. चौदावर नाही. सात मिलिमीटर परत आले नाहीत, अजूनही आलेले नाहीत. ज्या दिवशी हे पक्कं कळलं त्या दिवशी मी ती पानं कापली आणि लेथच्या खालच्या खणात ठेवली. म्हणजे बारा वर्षांत एकदाही उसळला नाही, हेही खोटं. लोक म्हणत गेले, मी ऐकत गेलो.

पानं सोबत पाठवतो आहे. माझ्या हातून झालेली ही सगळ्यांत अचूक मोजणी आहे, चिमणे. औषध काढून घेतलं की काय होतं, महिन्यामहिन्याने, मिलिमीटरमध्ये. तुला ज्या चार पानांची गरज होती तीच मी तुझ्यापासून ठेवून घेतली.

आणि एक नीट वाच. तुझं काहीही चुकलेलं नाही. टाचा, हनुवटी, श्वास, गेल्या पत्रात मी जे जे विचारलं ते सगळं निसटण्यासाठी विचारलं. तू व्यायाम माझ्यापेक्षा चांगला करतेस. श्वास तू धरतच नाहीस. चौदा महिने एकही खाडा न करता तू जे केलंस ते मला जमलं नसतं. बावन्न तुझ्या आळसाचं नाही. ते माझं आहे.

उद्या नाही, आजच डॉक्टरांना सगळं सांग. सोडलं केव्हा, कुणाचं ऐकून, तेही सांग. माझं नाव घे.

मेहुण्यांनी हे वाचलं तरी चालेल.

तुझा
दादा


ता. ९ मार्च
कारखान्यातून

चिमणे,

तुझं पत्र आलं नाही. बरोबर आहे. मीही लिहिलं नसतं.

मेहुणे दर रविवारी फोन करतात आणि तू शेजारच्या खोलीत आहेस असं सांगतात, म्हणजे तू त्यांच्या शेजारीच उभी असतेस. डोळा निवळला, नजर शाबूत आहे, हे ऐकलं तेव्हा मी स्टूल ओढून खाली बसलो. सुई परत सुरू झाली, दोन झाल्या. ताठरपणा दीड तासावरून पन्नास मिनिटांवर. अंतर बावन्नवरून सत्तेचाळीस. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात, किती परत येईल? म्हणाले, “ते वर्षभराने कळेल म्हणतात.” मग थोडं थांबून म्हणाले, “पानं मिळाली तिला. मी जेवायला बोलवायला गेलो तर वही उसवून बसली होती.” पुढे मी विचारलं नाही.

तुझ्या गप्प राहण्यावर माझा काही दावा नाही. हवं तेवढं राहा. मी आपला लिहीत राहीन.

आता हातची कामं. छापखान्यासाठी दोन दात्यांची चाकं. हॉस्पिटलातल्या सातही स्टँडसाठी नवे तक्ते, सहा रकान्यांचे. सहाव्यात औषध, तारीख, आणि बदल केला असेल तर कुणाला विचारून. ते तक्ते लावायला गेलो तेव्हा व्यायामाच्या खोलीत अकरा पेशंट होते. मी व्यायामाच्या बाईंना म्हणालो, मला दोन मिनिटं बोलायचंय. आणि सांगितलं. सुई चालू आहे, मधे सोडली होती, काय झालं, सगळं. आकड्यांसकट. मग खिडकीजवळची एक जाडजूड बाई, तिला मी ओळखतही नाही, चटईवरूनच म्हणाली, “अय्या, म्हणजे तुम्ही पण आमच्यासारखेच! आम्हाला वाटायचं हा माणूस लोखंडाचाच आहे.” सगळे हसले. व्यायामाच्या बाई हसल्या नाहीत. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “बारा वर्षं मी तुमचं उदाहरण देते. आधी सांगायला काय झालं होतं?”

पण एक सांगू? घरी चालत येताना माझी पाठ आयुष्यात कधी नव्हती एवढी सरळ होती. मोजली नाही. मोजायची गरज वाटली नाही, आणि हे मी लिहितोय.

दुसरं कुणी सांगायच्या आत मीच सांगावं म्हणून एक गोष्ट लिहितो. मंगळवारी कारखान्यात एक गृहस्थ आले. व्यायामाची साधनं विकणारी मोठी कंपनी आहे, तिचे. त्यांनी महिनाभरापूर्वी हॉस्पिटलात स्टँड बघितला होता, आणि तेव्हाच्या बढाया ऐकल्या होत्या. खुर्ची रुमालाने पुसून बसले. वहिनी माझा डबा घेऊन आलेली होती, तीही थांबली.

स्टँड कंपनी बनवणार, घरोघरी विकणार. सोबत माझी वही छापून देणार. खोक्यावर माझा फोटो, आणि खाली एक ओळ, ‘औषधाविना बारा वर्षं’.

मी म्हणालो, “ती ओळ खरी नाही. औषध चालू आहे.”

“अहो, खोक्यावरचं लोक कुठे एवढं बारकाईने वाचतात?”

“मी वाचतो.”

त्यांनी पुन्हा रुमाल काढला. “ठीक आहे. ती ओळ काढू. खोटं काही लिहायचंच नाही. फक्त औषधाचा विषय नको. वहीत पाच रकाने आहेत ना, तेवढेच छापू.”

चिमणे, मी चमकलो. माझीच युक्ती, शब्दाला शब्द, परक्याच्या तोंडून. आणि ऐकताना इतकी सभ्य वाटत होती!

मी विचार करतोय असं त्यांना वाटलं. ते पुढे झुकले. “आणि तुमच्या बहिणीनेही सोडलंय म्हणे. काय सुंदर! भाऊ आणि बहीण. खोक्यावर दोन फोटो.”

हे त्यांना हॉस्पिटलात कुणीतरी सांगितलं होतं, आणि त्या कुणालातरी मी सांगितलं होतं. तुझं सुई सोडल्याचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, स्टँडचे स्क्रू घट्ट करायला गेलो तेव्हा. घाबरलेलो होतो, आणि तरी मिरवलं होतं. हेही तुला कळायला हवं.

मी उठलो. म्हणालो, “स्टँड घ्या. लोखंडाच्या भावात देतो, ड्रॉइंग फुकट देतो. अट एकच, तक्ता सहा रकान्यांचा.”

“मग तो कोण घेईल हो?” ते म्हणाले. “औषधही घ्यायचं आणि स्टँडही घ्यायचा?”

“दोन्ही बाह्यांचा शर्ट लोक घेतातच की,” वहिनी म्हणाली. ते तिच्याकडे बघतच राहिले. ती डबा उघडून माझ्यापुढे ठेवत होती, जसं काही बोललीच नाही.

हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. दोन महिन्यांपूर्वी तेच गृहस्थ आले असते तर मी सही केली असती, आणि तुझ्या फोटोसाठी तुलाच फोन करून आग्रह केला असता. मला स्वतःचा अभिमान वाटतोय, आणि तो तुझ्या डोळ्याच्या मोलाने आलेला आहे, हे दोन्ही मला ठाऊक आहे. लपवायचं काहीच नाही असं ठरवलंय, तर अभिमान तरी का लपवू?

येत्या गुरुवारी माझी सुई आहे. उजव्या मांडीत.

तुझी मापं मला मेहुणे कळवतील तेवढी पुरे. तू स्वतः लिहावंस तेव्हा लिही.

तुझा, आणि यापुढे सगळे रकाने भरणारा,
दादा

ता. क. आकडा लिहायचा राहिला. बसताना नऊ लाख म्हणाले, उठताना चौदा. स्टँड, वही, दोन फोटो आणि औषधाबद्दल चकार शब्द नाही, याचे चौदा लाख. मी नाही म्हणालो.